काक्षीची प्रत: आकडा काढणं आणि खरा आकडा काढणं

मृग नक्षत्रातला काक्षी (बीटलज्यूस) हा तांबडा महाराक्षसी तारा मोजायला सोपा, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तो शोधायला सोपा आहे, मोजायला नाही. फार तेजस्वी, फार तांबडा, आणि जवळपास तुलनेला धड एकही तारा नाही. त्यात बदल इतका संथ की वर्षभरात तेज सहसा अर्ध्या प्रतीच्या (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) आसपास हलतं. निष्काळजीपणाने घेतलेल्या मोजणीतली चूक मात्र एका रात्रीत ०.२ प्रतीची होते. अशा नोंदी जोडून काढलेल्या आलेखात ताऱ्यापेक्षा निरीक्षकाचाच चढउतार जास्त दिसतो.

आधी ताऱ्याची चाल बघू. व्ही पट्ट्यात, म्हणजे हिरव्या-पिवळ्या प्रकाशात, काक्षी साधारण ०.३ ते ०.९ प्रतीच्या दरम्यान असतो. (प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद, हे नव्या वाचकांसाठी.) त्यात दोन लयी मिसळलेल्या आहेत. एक सुमारे ४०० दिवसांची, ताऱ्याच्या स्पंदनाची. दुसरी सुमारे २१०० दिवसांची. ही दुसरी एखाद्या सोबत्यामुळे असावी असा अंदाज होता, आणि २०२५ मध्ये जेमिनाय नॉर्थ दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये काक्षीहून सुमारे सहा प्रतींनी मंद असा सोबती दिसल्याचं जाहीर झालं. दोन्ही लयी घड्याळासारख्या नेमक्या नाहीत, त्यामुळे 'पुढची किमान तेजाची पातळी अमुक तारखेला' असं कोणी ठामपणे सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. हा तारा रूपविकारी (तेज बदलणारा) आहे हे जॉन हर्शेलच्या १८३६ मध्ये ध्यानात आलं, तेही नुसत्या डोळ्यांनी. २०१९ च्या ऑक्टोबरपासून तो उतरत गेला आणि ७ ते १३ फेब्रुवारी २०२० च्या आठवड्यात १.६१ वर टेकला, म्हणजे शेजारच्या बेलाट्रिक्सइतका. २०२३ च्या एप्रिल-मेमध्ये उलट तो ० प्रतीच्या अगदी जवळ पोचला होता.

हंगामाचं गणित आपल्याकडे पंचांगच सांगतं. सूर्य आर्द्रा नक्षत्रात येतो २१-२२ जूनला, आणि आर्द्रेचा योगतारा (नक्षत्राची ओळख ठरवणारा तारा) म्हणून सहसा काक्षीच दाखवतात. मृगाचा आणि आर्द्रेचा पाऊस पडत असतो तेव्हा हा तारा सूर्याच्या आसपासच असतो. म्हणजे पाऊस नसता तरी जून महिना हातचा गेलाच असता. जुलैअखेरीपासून तो पहाटे दिसायला हवा, तो ढगांमागे जातो. व्यवहारात महाराष्ट्रातून सप्टेंबरअखेरीच्या पहाटेपासून मेच्या पहिल्या आठवड्यातल्या संधिप्रकाशापर्यंत नोंदी घेता येतात. त्या मोबदल्यात उंची मिळते. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर काक्षी मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, म्हणजे सर्वांत उंच) येतो तेव्हा ७९ अंशांवर असतो. युरोपात ५० अक्षांशावरच्या निरीक्षकाला तो कधीच ४८ अंशांच्या वर मिळत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास तो मध्यमंडलावर असतो. या हंगामातल्या नोंदींना शक्यतो कोणी सुट्टी देऊ नये.

नुसत्या डोळ्यांनी

तुलनेचे तारे तीन: प्रश्वा (प्रोसिऑन) ०.४, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला पोलक्स १.१. तारा फार उतरला तर कॅस्टर आणि बेलाट्रिक्स, दोन्ही १.६. प्रश्वा आणि रोहिणी यांच्यातल्या ०.५ च्या फरकाच्या मनात पाच पायऱ्या करायच्या आणि काक्षी कोणत्या पायरीवर बसतो ते ठरवायचं. प्रश्वापासून दोन पायऱ्या खाली वाटला तर ०.६. एवढंच.

चुका होतात त्या वेगळ्याच ठिकाणी. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघितलं की तो क्षणाक्षणाला उजळत जातो असं वाटतं; पांढऱ्या प्रश्वाचं तसं होत नाही. म्हणून नजर एकेका ताऱ्यावर सेकंद-दोन सेकंदच ठेवायची, इकडून तिकडे, तीन-चार वेळा. ज्यांना जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही त्यांनी चष्मा काढून बघावं. तारे ठिपक्यांऐवजी पुसट चकत्या दिसतात, आणि चकत्यांची तुलना ठिपक्यांपेक्षा नेमकी होते. ही युक्ती गमतीची वाटते पण कामाची आहे. पौर्णिमेच्या आसपास डोळ्याची रंगांची सवय बदलते, त्यामुळे चांदण्यातली नोंद असेल तर तसं लिहायचं. आणि कालचा आकडा आज बघायचा नाही. माणूस मनातल्या आकड्याकडे झुकतो, आणि ०.१ ची पायरी असेल तर हा झुकाव सगळ्या चुकांहून मोठा ठरतो. सवयीच्या माणसाच्या डोळ्याची नोंद ०.१ पर्यंत खरी मानता येते. पहिल्या हंगामात ०.२-०.३ चा फरक धरून चाला.

आठवड्यातून एक नोंद पुरते. एकाच रात्री दहा नोंदी घेऊन काही साधत नाही.

कॅमेऱ्याने

इथे मोठी दुर्बीण उपयोगाची नाही, उलट अडचणीची. आठ इंची दुर्बिणीत काक्षी सेकंदाच्या अंशात पिक्सेल भरून टाकतो, आणि इतक्या छोट्या एक्स्पोजरमध्ये हवेचं लुकलुकणंच मोजलं जातं. शिवाय क्षेत्र इतकं लहान की तुलनेचा तारा चौकटीतच येत नाही. प्रकाशविद्युत मापक असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मृगाच्या डोक्याजवळचा फाय-२ (व्ही ४.०९, बी–व्ही ०.९५; बी–व्ही म्हणजे निळ्या आणि व्ही पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक, ताऱ्याच्या रंगाचं माप) तुलनेला वापरण्याची जुनी पद्धत आहे. बाकीच्यांसाठी साधा डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स हे या ताऱ्याचं खरं हत्यार.

मांडणी अशी. तिपाई, ५० मिमी, एफ/४, आयएसओ २००, ५ सेकंद, २० चित्रं, सगळी रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). कॅमेऱ्यातली 'नॉइज रिडक्शन' बंद. फोकस मुद्दाम बिघडवायचा, इतका की ताऱ्याची चकती १५-१८ पिक्सेल रुंद व्हावी, आणि मग फोकसच्या कड्यावर चिकटपट्टी. फोकस बिघडवायचं कारण रंगीत सेन्सरची जाळी. एकेका पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. तारा नेमका फोकस केला तर त्याचा प्रकाश तीन-चार पिक्सेलांवर पडतो, आणि त्यांत हिरवे किती आले यावर आकडा ठरतो. तारा अर्धा पिक्सेल सरकला की आकडा बदलला. चकती मोठी असली की हा जुगार संपतो. तिपाईवरून ५ सेकंदांत तारा चार-पाच पिक्सेल सरकतो. चकती तेवढी लांबट होते, बिघडत काही नाही.

प्रत्येक चित्रात सर्वांत उजळ पिक्सेल बघा. चौदा बिटच्या कॅमेऱ्यात कमाल सोळा हजारांच्या थोडं वर असते. आपण अकरा हजारांच्या खाली राहायचं. त्याच्या वर सेन्सरचा प्रतिसाद सरळ रेषेत राहीलच असं नाही. चित्र डोळ्याला पांढरं भक्क दिसत नाही म्हणून ते भरलेलं नाही असं समजू नका, आकडाच बघा. साडेबारा मिमीच्या छिद्रातून ५ सेकंदांच्या एका चित्रात लुकलुकण्यामुळे सुमारे अडीच टक्के चढउतार होतो. वीस चित्रांची सरासरी घेतली की तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. वीस हा आकडा इथून आला आहे.

चित्रांतून हिरवे पिक्सेल वेगळे काढायचे, रंग मिसळून चित्र तयार करायचं नाही. सिरिल किंवा ॲस्ट्रोइमेजजे या संगणकप्रणालींत हे होतं. मोजणीचं वर्तुळ चकतीपेक्षा थोडं मोठं, १२ पिक्सेल त्रिज्येचं. आकाशाची पातळी १८ ते २८ पिक्सेलच्या कड्यातून, सरासरी नव्हे तर मध्यक.

आता कोपऱ्यांचा प्रश्न. काक्षी आणि रोहिणी यांच्यात सुमारे २१ अंश अंतर आहे. अर्ध्या आकाराच्या (एपीएस-सी) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची चौकट साधारण २५ अंश रुंद असते, म्हणजे दोन्ही तारे कडेला जातात आणि तिथे लेन्स प्रकाश खाते. फ्लॅट चित्रांनी, म्हणजे एकसारख्या उजळ पडद्याच्या चित्रांनी, ही दुरुस्ती होते. धुतलेल्या पांढऱ्या पंच्याचे दोन पदर लेन्सवर ताणून, सूर्यास्तानंतर डोक्यावरच्या आकाशाकडे कॅमेरा करून घेतलेले फ्लॅट वाईट नसतात. पण त्याहून सरळ मार्ग आहे: चौकटीच्या मधोमध काक्षी ठेवून दहा चित्रं, मग मधोमध रोहिणी ठेवून वीस, मग पुन्हा काक्षीची दहा. तिन्ही वेळा तारा सेन्सरच्या त्याच भागावर. काक्षीच्या पहिल्या आणि शेवटच्या दहांत ०.०३ हून जास्त फरक आला तर मध्ये विरळ ढग गेला असं समजून ती रात्र सोडून द्यायची. विरळ ढग रात्री डोळ्याला दिसत नाहीत. दिवाळीतल्या चार रात्री तर कॅमेरा बाहेरच काढू नये. फटाक्यांचा धूर एका दिशेला दाट, दुसरीकडे विरळ असतो, आणि कुठलीच दुरुस्ती तिथे लागू पडत नाही.

डिसेंबर-जानेवारीत देशावर लेन्सवर दव बसतं. मालिकेत तारा हळूहळू, एकसारखा मंद होत गेला तर आधी लेन्सवर बोट फिरवायला नव्हे, विजेरीने बघायला जा.

उंचीचा आणि रंगाचा हिशेब

हे एकदा आकड्यांत करून बघू, कारण इथेच बहुतेक नोंदी वाया जातात. समजा काक्षी पूर्वेला ३५ अंशांवर आहे. पुण्याच्या अक्षांशावर त्या क्षणी रोहिणी ५६ अंशांवर असते. काक्षीचा प्रकाश १.७४ एअरमास (म्हणजे थेट डोक्यावरच्या हवेच्या १.७४ पट) इतक्या हवेतून येतो, रोहिणीचा १.२१. फरक ०.५३. शहराजवळच्या हिवाळी हवेत एका एअरमासला ०.३ प्रत जाते असं धरलं तर काक्षी रोहिणीच्या तुलनेत ०.१६ ने उगाच मंद दिसतो.

आता हिरव्या पिक्सेलांतून काक्षी रोहिणीपेक्षा ०.१९ ने उजळ निघाला असं धरू. हवेचे ०.१६ मिळवले की फरक ०.३५. मग रंग. काक्षीचा बी–व्ही १.८५, रोहिणीचा १.५४, फरक ०.३१. कॅमेऱ्याचा रंगगुणक (रंगाच्या फरकाला ज्याने गुणून दुरुस्ती मिळते तो आकडा; कसा काढायचा ते पुढे आहे) उणे ०.१ असेल तर आणखी ०.०३, म्हणजे एकूण ०.३८. रोहिणीची प्रत ०.८६, त्यातून वजा केले की काक्षी ०.४८. काहीच दुरुस्ती केली नसती तर ०.६७ लिहिलं असतं. मोजमाप तेच, तारा तोच, आणि फरक ताऱ्याच्या वर्षभराच्या चढउताराच्या निम्म्याजवळ. पावणेचार तास थांबून काक्षी मध्यमंडलावर आल्यावर मोजलं असतं तर हवेचा फरक ०.०१ उरला असता. गणित सुधारण्यापेक्षा थांबणं केव्हाही बरं.

रोहिणीऐवजी प्रश्वा घेतला असता तर? त्याचा बी–व्ही ०.४२. रंगातला फरक १.४३, आणि त्याच गुणकाने दुरुस्ती ०.१४. गुणक थोडा चुकला तरी आकडा हलणार. रोहिणी स्वतःच किंचित रूपविकारी आहे हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे, पण तिची हालचाल प्रतीच्या काही शतांशांची असते. रंग जुळण्याचा फायदा त्याहून मोठा. तरीही दर वेळी पोलक्सही मोजावा (१.१४, बी–व्ही १.००). रोहिणी आणि पोलक्स यांच्यातला फरक हंगामभर स्थिर राहिला तर आपली पद्धत ठीक आहे. तो हलला तर काक्षीबद्दल बोलायच्या आधी स्वतःची पद्धत तपासायची.

रंगगुणक काढायला मृग, वृषभ आणि मिथुनेतले दोन ते चार प्रतीचे, वेगवेगळ्या रंगांचे पंधरा-वीस स्थिर तारे उंचावर असताना मोजायचे. ज्ञात व्ही वजा आपली हिरवी प्रत उभ्या अक्षावर, बी–व्ही आडव्या अक्षावर. रेषेचा उतार म्हणजे गुणक. पण एक खोच आहे. काक्षीसारख्या एम वर्गाच्या (थंड, तांबड्या) ताऱ्यात टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद शोषणपट्टे असतात, आणि त्यांतले ५१६७, ५४४८, ५८४७ आणि ६१५९ अँगस्ट्रॉमपासून (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) सुरू होणारे पट्टे व्ही पट्ट्याच्या आतच पडतात. इतर ताऱ्यांत हे पट्टे नसतात किंवा क्षीण असतात, त्यामुळे त्यांच्यावरून काढलेली सरळ रेषा काक्षीला तंतोतंत लागू होत नाही. दोन चांगल्या निरीक्षकांचे आकडे वर्षानुवर्षं ०.०५ ने वेगळे राहतात ते यामुळे. दोघांचंही चुकलेलं नसतं. म्हणून सरळ सल्ला: कॅमेरा, लेन्स, छिद्र, तुलनातारा एकदा ठरवा आणि बदलू नका. बदलायची वेळ आलीच तर जुना आणि नवा कॅमेरा किमान एक पूर्ण हंगाम बरोबरीने चालवा. नवा कॅमेरा घेतल्याच्या आनंदात जुनी मालिका तोडणारे लोक फार.

मोबाइलचं काय, असं हटकून विचारलं जातं. फोन चित्र 'सुंदर' करतो, म्हणजे ताऱ्यांच्या तेजातला फरकच पुसतो. रॉ मिळत असेल आणि फोकस हाताने बिघडवता येत असेल तर प्रयोग करा, नाहीतर डोळा बरा.

वर्णपट: तारा का उतरला ते

नुसत्या प्रतीवरून तारा थंड झाला की त्याच्यासमोर धूळ आली हे कळत नाही. टायटॅनियम ऑक्साइड इथे तापमापीचं काम करतं. हा रेणू उष्णतेत टिकत नाही, त्यामुळे ताऱ्याचं वातावरण जरा थंडावलं की पट्टे खोल होतात, जरा तापलं की उथळ. धूळ आली तर पट्ट्यांची खोली तशीच राहून सगळा प्रकाश कमी होतो.

२०२० मध्ये वाद यावरच होता. फेब्रुवारीत लोवेल वेधशाळेतून घेतलेल्या वर्णपटावरून लेव्हेस्क आणि मॅसी यांनी तापमान ३६०० केल्विन काढलं. २००४ मध्ये ते ३६५० होतं. पन्नास केल्विनच्या घसरणीने एवढा अंधार होत नाही, म्हणून बोट धुळीकडे वळलं. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या प्रतिमांत ताऱ्याचा दक्षिण भाग काळवंडलेला दिसला. त्याआधी, २०१९ च्या शरद ऋतूत, हबलने अतिनील प्रकाशात तप्त द्रव्य बाहेर पडताना नोंदलं होतं. द्रव्याचा लोट बाहेर पडला, तो निवून त्याची धूळ झाली, आणि पृष्ठभागाचा तो भागही थंड झाला, असं चित्र त्यातून जुळतं. ७१९ नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश ७५४ च्या मोकळ्या जागेशी ताडणाऱ्या अरुंद गाळण्यांची विंग पद्धत यासाठी अनेक वर्षं वापरात आहे. हौशी लोकांना तेच काम ग्रेटिंगने, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेघांच्या काचेने, करता येतं.

मिलिमीटरला १०० रेघांचं, सव्वा इंची गाळणीच्या चौकटीतलं ग्रेटिंग, उदाहरणार्थ स्टार ॲनालायझर, त्याच ५० मिमी लेन्सच्या तोंडावर कड्याने बसवायचं. एका पिक्सेलवर किती अँगस्ट्रॉम येतात ते काढायला पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, १०० ने गुणा, लेन्सच्या नाभीय अंतराने मिलिमीटरमध्ये भागा. ४ मायक्रॉनला ८ अँगस्ट्रॉम. म्हणजे ४००० ते ७००० चा वर्णपट मूळ ताऱ्यापासून ५०० ते ८७५ पिक्सेल दूर पडतो. तारा चौकटीच्या एका कडेला ठेवायचा.

इथे फोकस बिघडवायचा नाही, उलट काटेकोर हवा, आणि तोही ताऱ्याचा नव्हे, वर्णपटातल्या पट्ट्यांचा. फट नसलेल्या या मांडणीत ताऱ्याचा ठिपका हीच फट. ठिपका पसरला की रेषाही पसरल्या. तिपाईवरचं सरकणं मात्र कामाला येतं. ग्रेटिंग असं फिरवा की वर्णपट उत्तर-दक्षिण पडेल. तारा पूर्व-पश्चिम सरकतो, त्यामुळे १० सेकंदांत वर्णपट आपोआप नऊ-दहा पिक्सेल रुंद होतो आणि रेषा धूसर होत नाहीत. कोन दोन-तीन अंशांनी चुकला तरी कडा तिरप्या होऊन मिसळतात. पहिलं चित्र मोठं करून बघितल्याशिवाय पुढची वीस घेऊ नका.

तरंगलांबी ठरवायला व्याध जवळच आहे. त्याच्या हायड्रोजन रेषा, ४३४० आणि ४८६१, ठळक दिसतात. मूळ तारा म्हणजे शून्य. तीन बिंदूंतून रेषा काढा. कॅमेऱ्यातली अवरक्त गाळणी ६८०० च्या पुढे प्रकाश कापते, त्यामुळे ७०५४ चा सुंदर पट्टा साध्या डीएसएलआरमध्ये धड मिळत नाही. ६१५९ चा पट्टा पुरेसा आहे. ६११० ते ६१५० मधला सरासरी प्रकाश आणि ६१७० ते ६२१० मधला सरासरी प्रकाश घ्या, दुसऱ्याला पहिल्याने भागा. दोन्ही खिडक्या मुद्दाम शेजारशेजारच्या आहेत, म्हणजे सेन्सरचा रंगप्रतिसाद आणि हवेचं शोषण दोन्हींत जवळपास सारखंच असतं. उरलेला फरक व्याधाच्या त्याच भागाकाराने काढून टाकता येतो, कारण व्याधात हा पट्टा नाही. हा भागाकार तुमच्यापुरताच. दुसऱ्याच्या ग्रेटिंगवर दुसरा येईल. पण तो तुमच्याच मालिकेत उतरला आणि प्रतही त्याबरोबर मंदावली, तर तारा थंडावतो आहे. प्रत उतरली आणि भागाकार जागचा हलला नाही, तर इतरांना कळवण्याजोगं काहीतरी घडतं आहे.

हे पट्टे कधीकधी नको तिथे उगवतात. शर्मिष्ठेतला ऱ्हो हा पिवळा अतिमहाराक्षसी तारा. २०००-०१ मध्ये तो एका प्रतीहून जास्त उतरला आणि एरवी त्यात नसलेले टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे उमटले. एरवी चौथ्या-पाचव्या प्रतीचा हा तारा ग्रेटिंगला सोपा आहे. महिन्यातून एक वर्णपट पुष्कळ.

राजन्यासाठी वेगळी तयारी

त्याच मृगातला निळा राजन्य (रायगेल, बी८ वर्ग) मोजायला गेलात तर वरचा सगळा क्रम उलटा होतो. त्याची प्रत ०.०५ ते ०.१८ च्या दरम्यानच हलते, म्हणजे डोळ्याचं काम नाही आणि कॅमेऱ्याचंही जेमतेम. वर्णपट मात्र दिवसागणिक बदलतो. पाहायची ती हायड्रोजनची एच-अल्फा रेषा, ६५६२.८ अँगस्ट्रॉम. ताऱ्यातून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे ती कधी निळ्या बाजूला खड्डा आणि लाल बाजूला उंचवटा अशी दिसते, कधी नेमकी उलटी, कधी दुहेरी शिखराची. १०० रेघांच्या ग्रेटिंगला यातलं काही दिसत नाही. रेषा त्याच्या भेदनात (बारकावे वेगळे दाखवण्याच्या मर्यादेत) बुडून जाते. इथे फटीचं वर्णपटमापक लागतं, २४०० रेघांच्या ग्रेटिंगचं ल्हिरेस-३ सारखं, आणि आठ इंची दुर्बीण. प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर निऑन दिव्याचं चित्र घ्या. दुर्बीण कलंडली की यंत्र किंचित वाकतं आणि रेषा सरकतात. एकच दिवाचित्र घेणाऱ्याला ते सरकणं ताऱ्याचं वाटतं.

पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याची दुरुस्ती विसरू नका. राजन्याच्या दिशेने ती वर्षभरात दोन्ही बाजूंना सुमारे २५ किमी प्रतिसेकंद होते, एच-अल्फापाशी अर्ध्या अँगस्ट्रॉमहून जास्त. आणि हवेतली वाफ. एच-अल्फाच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या बारीक रेषा असतात, कोकणपट्टीच्या दमट हवेत त्या चांगल्याच खोल होतात, आणि वाऱ्याची रचना म्हणून चुकून मोजल्या जातात. त्या काढायला वेगाने स्वतःभोवती फिरणारा, एच-अल्फात उत्सर्जन नसलेला बी वर्गाचा तारा त्याच उंचीवर, त्याच तासात घ्या आणि त्याच्या वर्णपटाने भागा. याच रेषांचा एक उपकारही आहे: त्या पृथ्वीच्या हवेतल्या असल्यामुळे जागच्या हलत नाहीत, म्हणून तरंगलांबी बरोबर बसली की नाही हे त्यांच्यावरून पडताळता येतं. सलगपट (रेषा सोडून उरलेला वर्णपटाचा सलग प्रकाश) सपाट करताना वक्र फार वाकवू नका. रेषेचे पंख रुंद असतात, आणि जास्त घातांकाचा वक्र त्यांनाच सलगपट समजून पुसून टाकतो.

नोंद पाठवताना

एएव्हीएसओ, म्हणजे १९११ पासून चालत आलेली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना, प्रती आणि वर्णपट दोन्ही घेते. रंगदुरुस्ती न केलेला हिरवा आकडा 'टीजी' या खुणेखाली जातो, 'व्ही' खाली नाही. दुरुस्ती केली असेल तरच व्ही. टीजीला कमीपणाचं समजून व्ही लिहिणारे सगळ्यांचा आलेख बिघडवतात.

वेळ जुलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीत. तो दुपारी बाराला बदलतो, पण ग्रिनिचच्या. आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. म्हणजे भारतातली अख्खी रात्र एकाच जुलियन दिवसात मावते, हे आपल्याला फुकट मिळालेलं सुख. मात्र इंग्रजी तारीख जागतिक वेळेत लिहायची तर ती पहाटे साडेपाचला बदलते. घड्याळातली भारतीय वेळ तशीच टाकली की नोंद ०.२३ दिवसाने पुढे जाते. काक्षीच्या आलेखात ते कोणाला कळणारही नाही. राजन्याच्या रात्रीमागून रात्रीच्या मालिकेत कळतं, कारण तिथे ऑस्ट्रेलियातला निरीक्षक आपल्या आधी आणि युरोपातला आपल्या नंतर काम सुरू करतो, आणि तिघांचे वर्णपट एकाखाली एक लावले जातात.